डॉलर-रुपया, पौंड-रुपया: जुन्या विनिमय दरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले निर्यातदार, गुजरीतले सराफ, परदेशातून पगार किंवा लाभांश येणारी घरं, विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्रबंध लिहिणारे आणि संस्थानकाळातली दप्तरं चाळणारे, अशा सगळ्यांना कधी ना कधी जुना दर लागतो. प्रत्येकाचं काम वेगळं असतं, त्यामुळे दरही वेगळा लागतो. बहुतेक घोटाळे इथेच होतात.

अमुक तारखेला डॉलर कितीला होता, एवढंच विचारलं तर चार जण चार आकडे का सांगतात?

कारण चौघांचेही आकडे बरोबर असू शकतात. एकाच दिवशी डॉलरचे निदान पाच-सहा दर असतात. संदर्भ दर म्हणजे रेफरन्स रेट हा बाजारातल्या प्रत्यक्ष व्यवहारांवरून काढलेला मधला आकडा. त्या दराने बँक तुमच्याशी व्यवहार करेलच असं नाही. बँकेच्या तक्त्यात टीटी बाइंग (टीटी म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर, खात्यातून खात्यात पाठवलेले पैसे; बँक तुमच्याकडून डॉलर घेते तो दर), टीटी सेलिंग (बँक तुम्हाला देते तो), बिल बाइंग, बिल सेलिंग (निर्यात-आयातीच्या बिलांसाठीचे), ट्रॅव्हल कार्डाचे आणि रोख नोटांचे असे वेगवेगळे रकाने असतात. घेणं-देणं नेहमी बँकेच्या बाजूने वाचायचं. तुमच्या खात्यात डॉलर आले तर ते बँकेसाठी ‘बाइंग’. रोख नोटा विकताना सगळ्यांत कमी भाव मिळतो, विकत घेताना सगळ्यांत जास्त द्यावा लागतो. नोटा जपणं, मोजणं, पाठवणं याचा खर्च त्यात धरलेला असतो. शिवाय सीमाशुल्काचा दर वेगळाच.

तेव्हा जुना दर लिहून ठेवताना तीन गोष्टी शेजारी लिहा: तारीख, दर कोणाचा, आणि घेण्याचा की देण्याचा. नुसतं ‘८२.५०’ लिहिलेल्या कागदाचा दोन वर्षांनी कोणालाच उपयोग होत नाही.

१९४७ मध्ये एक डॉलर म्हणजे एक रुपया होता ना?

नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दर १५ ऑगस्टला फिरणारी ही गोष्ट चुकीची आहे. तेव्हा रुपया पौंडाला बांधलेला होता: एक रुपया म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजेच एक पौंडाला १३.३३ रुपये. पौंड ४.०३ डॉलरचा होता. १३.३३ ला ४.०३ ने भागा, ३.३१ येतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे नोंदवलेला अधिकृत दरही तेवढाच होता, एक रुपया म्हणजे ३०.२२५ अमेरिकी सेंट.

मग तिथून आजपर्यंत दर कसा हलला?

१८ सप्टेंबर १९४९ रोजी ब्रिटनने पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला. भारतानेही रुपया तेवढाच खाली नेला. त्यामुळे पौंडाचा दर १३.३३ वरच राहिला, पण डॉलर ३.३१ वरून ४.७६ झाला. १९४९ मध्ये अवमूल्यन झालं म्हणतात, मग पौंडाच्या दरात काहीच का दिसत नाही, या प्रश्नाचं उत्तर हेच.

६ जून १९६६ ला डॉलर ४.७६ वरून थेट ७.५० झाला आणि पौंड १३.३३ वरून २१ रुपयांवर गेला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९६७ मध्ये, ब्रिटनने पुन्हा पौंडाचं अवमूल्यन केलं. या वेळी भारत मागोमाग गेला नाही, म्हणून पौंड २१ वरून १८ रुपयांवर उतरला. जुन्या कागदांत १९६६ चा पौंड १९६८ च्या पौंडापेक्षा महाग दिसला तर लिहिणाऱ्याची चूक समजू नका.

१५ ऑगस्ट १९७१ ला अमेरिकेने डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं. त्या डिसेंबरात रुपया पुन्हा पौंडाला बांधला गेला. जून १९७२ मध्ये पौंडच तरंगता झाला आणि रुपया त्याच्याबरोबर हेलकावे खाऊ लागला. २५ सप्टेंबर १९७५ पासून रुपया काही चलनांच्या एकत्रित टोपलीशी जोडला. १ आणि ३ जुलै १९९१ ला दोन हप्त्यांत अवमूल्यन झालं. डॉलर २१ रुपयांच्या आसपास होता, तो जवळपास २६ वर गेला. मार्च १९९३ पासून दर बाजारावर सोपवला आणि तो ३१ च्या पुढे स्थिरावला.

त्यानंतरची वाट सरळ उताराची नाही. जानेवारी २००८ मध्ये डॉलर ४० च्याही खाली होता. त्या वर्षी अनेक निर्यातदारांनी आता रुपया वाढतच जाणार असं धरून पुढचे सौदे बांधले आणि वर्ष संपायच्या आत ते अंगलट आले. २८ ऑगस्ट २०१३ ला संदर्भ दर ६८.३६ झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ८३ ओलांडले.

१९६६ चं अवमूल्यन एका पुस्तकात ३६.५ टक्के आहे, दुसऱ्यात ५७.५. खरं कोणतं?

दोन्ही. डॉलर ४.७६ वरून ७.५० झाला म्हणजे डॉलर रुपयांत ५७.५ टक्क्यांनी महागला. उलट बाजूने, एका रुपयाला आधी २१ सेंट मिळत होते, नंतर १३.३३ मिळू लागले. ही घट ३६.५ टक्के. पाया बदलला की टक्केवारी बदलते. प्रबंधात ‘रुपयाचं मूल्य किती घटलं’ आणि ‘डॉलर किती महागला’ यांपैकी काय म्हणायचंय ते वाक्यातच स्पष्ट लिहा. परीक्षकांचा हा ठरलेला प्रश्न असतो.

फाउंड्रीच्या १९९२-९३ च्या खतावणीत डॉलरला २८ रुपये ३५ पैसे लावलेत. असा दर कुठल्याच तक्त्यात नाही. लिहिणाऱ्याने चूक केली का?

बहुधा नाही. मार्च १९९२ ते फेब्रुवारी १९९३ या काळात देशात दोन दर होते. निर्यातीच्या डॉलरपैकी ४० टक्के सरकारी दराने द्यावे लागत आणि ६० टक्के बाजारभावाने विकता येत. समजा सरकारी दर २५.८९ आणि त्या दिवशीचा बाजारभाव ३० होता. १०० डॉलरपैकी ४० चे झाले १,०३५.६० रुपये, ६० चे झाले १,८००. एकूण २,८३५.६०, म्हणजे सरासरी २८.३५६. खतावणीत हाच मिश्र दर उतरलेला असतो.

अशा वर्षाची तुलना करताना नुसता सरकारी दर लावलात तर विक्री प्रत्यक्षापेक्षा कमी दिसेल, नुसता बाजारभाव लावलात तर जास्त. आयातदारांची गणितं वेगळी होती, त्यांना हे ४०-६० चं सूत्र लावू नका.

निर्यातीच्या एकाच बिलाला शिपिंग बिलात एक दर, बँकेत दुसरा, हिशेबात तिसरा. नक्की कुठला कुठे?

तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. गडबड होते ती एकाचा दर दुसऱ्याच्या रकान्यात भरला की.

शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीसाठी सीमाशुल्क विभागाकडे दाखल करायच्या कागदावर, त्या विभागाने सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४ खाली ठरवलेला दर लागतो. तो आयातीसाठी वेगळा आणि निर्यातीसाठी वेगळा असतो. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी जाहीर होतो आणि दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. आधी यासाठी अधिसूचना निघायची, जुलै २०२४ पासून तो सीमाशुल्क विभागाच्या आइसगेट पोर्टलवरच येतो. शिपिंग बिल ज्या तारखेला दाखल झालं त्या तारखेला लागू असलेला दर घ्यायचा, माल जहाजावर चढला त्या दिवसाचा नव्हे. जुन्या बिलाचा दर शोधताना गुरुवार-शुक्रवारच्या कुंपणावरची तारीख असेल तर दोनदा तपासा.

मालाच्या निर्यातीत जीएसटीच्या विवरणपत्रातही हाच दर (नियम ३४). सेवा असेल, म्हणजे सॉफ्टवेअर किंवा डिझाइनचं काम, तर सर्वमान्य लेखातत्त्वांप्रमाणे पुरवठ्याच्या तारखेचा दर. बँक पैसे जमा करताना स्वतःचा त्या दिवसाचा दर लावते, किंवा फॉरवर्ड केलेला असेल, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आधीच ठरवून घेतला असेल, तर करारातला. हिशेबाच्या वहीत व्यवहाराच्या तारखेचा दर, आणि ३१ मार्चला येणं बाकी असेल तर त्या दिवसाच्या दराने पुन्हा मूल्यांकन. फरक नफा-तोट्यात.

आकड्यांत बघा. समजा ४०,००० डॉलरचं कास्टिंगचं बिल, सीमाशुल्काचा दर ८२.५०. विवरणपत्रात ३३,००,००० जातात, आणि विक्रीही त्याच दराने वहीत धरली असं समजू. पैसे आले तेव्हा बँकेचा दर ८३.१०, पण मधल्या परदेशी बँकेने ३५ डॉलर कापून ३९,९६५ च पाठवले. खात्यात पडले ३३,२१,०९१.५०. वरवर पाहता फरक २१,०९१.५०, आणि पुष्कळ ठिकाणी एवढीच एक नोंद होते. बरोबर नोंद दोन ओळींची आहे: विनिमय नफा २४,००० आणि बँक खर्च २,९०८.५०. एका ओळीत उरकलं की ग्राहकाच्या खात्यावर ३५ डॉलर वर्षानुवर्षं येणं दिसत राहतात आणि बँकेच्या वसुली प्रमाणपत्राशी आकडा जुळत नाही.

परदेशी उत्पन्नावरच्या आयकरासाठी कुठला दर?

१९६१ च्या आयकर कायद्याखालच्या वर्षांसाठी नियम ११५ पाहायचा: स्टेट बँकेचा टीटी बाइंग दर, आणि तोही पैसे आले त्या दिवसाचा नव्हे. पगारासाठी, तो ज्या महिन्यात देय झाला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. लाभांश जूनमध्ये मिळाला तर ३१ मेचा. शेअर १८ नोव्हेंबरला विकले तर भांडवली नफ्यासाठी ३१ ऑक्टोबरचा. धंद्याचं किंवा घरभाड्याचं उत्पन्न असेल तर ३१ मार्चचा. परदेशात कापलेल्या कराचं श्रेय घेताना, कर कापला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा.

परदेशी मालमत्तेच्या तक्त्याला (शेड्यूल एफए) मात्र कॅलेंडर वर्ष लागतं, त्यामुळे अखेरची शिल्लक ३१ डिसेंबरच्या दराने. इथे ३१ मार्चचा दर भरण्याची चूक सर्रास दिसते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने त्यापुढच्या वर्षांना नव्या नियमांतले क्रमांक आणि शब्द बघून घ्या.

अडचण अशी की स्टेट बँकेचा दरतक्ता रोज बदलतो आणि कालचा तक्ता आज सहज हाती लागत नाही. ज्यांना दरवर्षी लागतो त्यांनी महिनाअखेरीला तो उतरवून फाइलला लावावा. हुकला असेल तर शाखेत किंवा तुमच्या सीएकडे विचारा, पुष्कळ सीए हे तक्ते जपून ठेवतात. तक्त्यात दहा लाखांच्या आतल्या आणि त्यावरच्या व्यवहारांसाठी वेगवेगळी पानं असतात, कुठलं वापरलं ते लिहून ठेवा.

हवी ती तारीख सुट्टीची निघाली तर?

आधीच्या कामाच्या दिवसाचा दर घेण्याचा प्रघात आहे, पुढच्या दिवसाचा नव्हे. ३१ मार्च २०२४ चं उदाहरण घ्या: तो रविवार, ३० ला शनिवार, २९ ला गुड फ्रायडे. म्हणजे वर्षअखेरीचा संदर्भ दर २८ मार्चचा.

सुट्टी पाहायची ती मुंबईच्या परकीय चलन बाजाराची. कोल्हापुरात स्थानिक सुट्टी असली तरी मुंबईत बाजार चालू असेल तर दर निघालेला असतो.

गूगलवर किंवा चलन बदलून देणाऱ्या वेबसाइटवर जुना दर दिसतो की. तो का नको?

अंदाजाला चालेल, कागदाला नाही. ते दर घेणं-देणं यांच्या मधले असतात, दिवस कुठल्या देशाच्या घड्याळाने संपवलाय ते कळत नाही, आणि शनिवार-रविवारीही आकडा दाखवतात, जो मुळात शुक्रवारचा असतो. तिथून घेतलेला दर सीमाशुल्क किंवा आयकर अधिकारी मान्य करत नाही.

अधिकृत जुने दर कुठे आणि कसे शोधायचे?

जुलै २०१८ पासूनचा संदर्भ दर एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) ही संस्था काढते, त्याआधीचा रिझर्व्ह बँक स्वतः काढायची. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर संदर्भ दराच्या पानावर चलन आणि दोन तारखा निवडल्या की तक्ता मिळतो. डॉलर, पौंड, युरो आणि येन या चार चलनांसाठी हेच पुरतं. येनचा दर १०० येनला असतो. हे विसरून शंभरपट चुकलेली कोटेशनं दिसतात.

फार मागचं हवं असेल तर रिझर्व्ह बँकेचं सांख्यिकी हँडबुक आणि तिचं आकडेवारीचं पोर्टल पाहा. तिथे वार्षिक आणि मासिक सरासरी मिळतात. एका विशिष्ट दिवसाचा दर त्यात नसेल तर त्या काळच्या वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानावर तो छापलेला असे. अशा फायलींसाठी करवीर नगर वाचन मंदिर किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा. छापील दर आदल्या दिवसाच्या बाजाराचा असतो हे लक्षात ठेवा.

वार्षिक सरासरीत १९९१ ला २२.७४ आणि दुसरीकडे २४.४७. हा घोळ काय?

पहिला कॅलेंडर वर्षाचा, दुसरा १९९१-९२ या आर्थिक वर्षाचा. जुलैतल्या अवमूल्यनाआधीचे महिने पहिल्यात जास्त, दुसऱ्यात कमी. म्हणून दुसरा आकडा वर. धडधाकट वर्षांत हा फरक पैशांत असतो, १९९१ सारख्या वर्षात पावणेदोन रुपयांचा.

संस्थानकाळातल्या कागदांत पौंड, शिलिंग, आणे आणि पै आहेत. रुपयांत कसे आणायचे?

आधी नाणी समजून घ्या. १ पौंड = २० शिलिंग, १ शिलिंग = १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. १ रुपया = १६ आणे, १ आणा = १२ पै. दशमान पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले, ब्रिटनचे नवे पेन्स १५ फेब्रुवारी १९७१ पासून. त्याआधीच्या कागदावर ‘१३-५-४’ दिसलं तर वाचा तेरा रुपये, पाच आणे, चार पै. हाच १८ पेन्सच्या दराने एक पौंड: २४० भागिले १८ म्हणजे १३.३३३, अपूर्णांकाला १६ ने गुणलं की ५.३३३ आणे, उरलेल्या अपूर्णांकाला १२ ने गुणलं की ४ पै.

आता दर. १८७० च्या सुमारास, छत्रपती राजाराम महाराज युरोपात गेले आणि फ्लॉरेन्सला वारले तेव्हा, पौंडाला साडेदहा रुपयांच्या आसपास पडत. नंतर जगात चांदी घसरली आणि चांदीचा रुपयाही तिच्याबरोबर खाली आला. १८९३ मध्ये टांकसाळीत कोणालाही चांदी नेऊन रुपये पाडून घेण्याची मुभा बंद केली, आणि शतक संपेपर्यंत दर रुपयाला १ शिलिंग ४ पेन्सवर, म्हणजे पौंडाला १५ रुपयांवर बसला. शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले, तेव्हाच्या खर्चाच्या नोंदींना हाच दर लावायचा. सोपं काम. १९२० ते २१ मात्र डोकेदुखी आहे. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला अडीच शिलिंगांहून जास्त मिळत होते, आणि वर्ष सरताना दीड शिलिंगाच्या आसपास. त्या दोन वर्षांना वार्षिक सरासरी लावू नका, महिन्याचाच दर शोधा. १९२७ पासून पुढे १ शिलिंग ६ पेन्स.

मराठवाड्याकडचे कागद असतील तर आधी रुपया कुठला ते ठरवा. निजामाचा हाली शिक्का आणि ब्रिटिश कलदार वेगळे: ७ हाली म्हणजे ६ कलदार.

आजोबांनी १९६२ मध्ये इंग्लंडहून ५०० पौंड पाठवले होते. आज त्याचे किती?

दोन वेगळे प्रश्न आहेत. तेव्हा इथे मिळाले ५०० गुणिले १३.३३३, म्हणजे ६,६६६ रुपये ६७ नये पैसे, बँकेचा खर्च वजा जाता. त्या रुपयांची आजची किंमत विनिमय दरावरून निघत नाही, त्यासाठी महागाईचा निर्देशांक लागतो. आजच्या दराने ५०० पौंड गुणून ‘एवढे लाख पाठवले’ म्हणणं चुकीचंच.

दिरहम आणि रियालचे जुने दर मिळत नाहीत.

शोधायची गरजही नाही. १९९७ पासून एक डॉलर ३.६७२५ दिरहम असा बांधलेला आहे आणि १९८६ पासून ३.७५ सौदी रियाल. त्या दिवशीचा डॉलर ८३ असेल तर दिरहम २२.६० आणि रियाल २२.१३. हुंडीवाला किंवा एक्स्चेंज हाऊस यांनी प्रत्यक्षात दिलेला दर याच्या थोडा खाली असतो. १९६६ पर्यंत आखातातल्या काही भागांत भारतीय रुपयाच चालत होता, १९५९ पासून त्यासाठी रिझर्व्ह बँकेने वेगळ्या नोटा काढल्या होत्या. कुवेत आणि बहारीनने तो आधीच सोडला होता, ६ जूनच्या अवमूल्यनानंतर कतार आणि आजच्या अमिरातींनीही सोडला.

जर्मन यंत्राचं १९८५ चं बिल मार्कमध्ये आहे.

मार्क-रुपयाचा त्या काळचा दर थेट शोधा, किंवा मार्क-डॉलर आणि डॉलर-रुपया असे दोन दर जोडा. एक युरो म्हणजे १.९५५८३ मार्क हे प्रमाण १ जानेवारी १९९९ पासूनचं आहे. १९८५ ला युरोच नव्हता, तेव्हा ते मागे लावता येत नाही.

परदेशी बाजारातला चांदीचा जुना भाव हुपरीच्या हिशेबात, म्हणजे किलोला रुपये, कसा आणायचा?

परदेशी भाव ट्रॉय औंसाला असतो, १ औंस = ३१.१०३५ ग्रॅम. म्हणजे किलोत ३२.१५०७ औंस. भाव २० डॉलर आणि डॉलर ७० रुपये असेल तर २० × ३२.१५०७ × ७० = ४५,०११ रुपये. यात आयात शुल्क, कर आणि स्थानिक प्रीमियम नाहीत, म्हणून गुजरीतला त्या दिवसाचा भाव यापेक्षा वर दिसेल. किराणा मालाचा २८.३५ ग्रॅमचा औंस धरला तर भाव जवळपास दहा टक्क्यांनी फुगतो.

एक्सेलमध्ये दरांचा तक्ता केला, पण निम्मे दर चुकीचे येतात.

नव्वद टक्के वेळा दोष तारखेत असतो. ३/७/१९९१ ही एक्सेलने ७ मार्च वाचली की डॉलर १९ च्या आसपास दाखवणार, ३ जुलै वाचली की २६. तारखा टाइप करताना महिना अक्षरांत लिहा. काही तारखा रकान्यात डावीकडे चिकटलेल्या दिसल्या तर त्या तारखा नसून मजकूर आहेत, ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मध्ये दिवस-महिना-वर्ष हा क्रम देऊन बदलून घ्या. मग तक्ता जुन्याकडून नव्याकडे लावा आणि व्हीलूकअपच्या शेवटी फॉल्सऐवजी ट्रू घाला. सुट्टीच्या तारखेला तो आपोआप आधीच्या कामाच्या दिवसाचा दर उचलतो. क्रम उलटा असेल तर हाच फॉर्म्युला चूक सांगणार नाही, निमूटपणे भलताच आकडा देईल. म्हणून तक्ता भरून झाल्यावर ओळखीच्या दोन तारखा टाकून बघा: २८ ऑगस्ट २०१३ ला ६८.३६ आलं पाहिजे, आणि ३१ मार्च २०२४ ला २८ मार्चचाच दर.